काही नाही म्हणजे बरं आहे

१ ऑगस्ट १९८७
नवऱ्याला घरातून नेणारी तार बायकोनेच लिहून घ्यायची, हे माझ्याच नशिबी. छिंदवाड्याच्या तारघरातला माणूस फोनवर एकेक शब्द सांगत होता, मी इकडे सौंसरच्या पोस्टात लिहीत होते. सुट्टी रद्द, ताबडतोब पलटणीत हजर. पत्ता सौंसरचा, गल्ली आमची, नाव ह्यांचं. "फिरसे बोलिए," म्हटलं. तो परत तेच बोलला. त्याच्या मागोमाग दुसरी, रामाकोन्याच्या दिवाकरची. हा ह्यांचा दोस्त, पलटण एकच, सुट्टीही बरोबरच काढलेली.
पोस्टमास्तर दुबेजी म्हणाले, "कुसुमजी, अपनी वाली आप ही ले जाइए. तारवाले को क्या भेजना."
घरी आले तर हे आमच्या लेकीला, चिमीला कणसाचे दाणे सोलून देत होते. सही घेतली, नियमाप्रमाणे. म्हणाले, "तारवालीला बक्षीस काय देऊ?" मला हसू आलं नाही. पोळ्यापर्यंत राहणार होते.

२ ऑगस्ट
पलटण कुठे चालली ते रेडिओवरून कळलं. सिलोन. लंकेत. तिथलं सरकार आणि तिथली तमिळ पोरं यांचं कित्येक वर्षांचं भांडण, आपल्या सरकारने मध्ये पडून करार केला, आता आपली फौज शांतता राखणार. लग्नाआधी आम्ही बहिणी गाण्यांसाठी सिलोन लावायचो. एवढीच काय ती त्या देशाशी ओळख.
मामाजींना मात्र आनंद मावेना. सासरे माझे, तिगाव स्टेशनवर पॉइंट्समन होते, रिटायर झाल्यापासून त्यांचा सगळा जीव विहारात. सकाळपासून दारात येणाऱ्या प्रत्येकाला तेच. "सम्राटाची लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली होती त्या बेटावर. ते झाड अजून हाय म्हणते! आन् आता माह्या रमेश जाऊन राहिला."
ह्यांना विचारलं, आपण कोणाच्या बाजूने?
"कोणाच्याच नाही. मधात उभं राहायचं."
मी म्हटलं, त्यांच्या सलामीतल्या एका शिपायानेच आपल्या पंतप्रधानांवर बंदुकीचा दस्ता उगारला, ते वाचलं ना पेपरात? हे म्हणाले, "एक येडा सगळीकडंच असते." आणि बूट पॉलिश करायला बसले.

३ ऑगस्ट
दिवाकर तापाने फणफणलाय. मलेरिया. डॉक्टर सर्टिफिकेट द्यायला तयार आहे, खरंच आजारी आहे तर काय. त्याच्या मायचंही तेच म्हणणं, पोराला या हालतीत पाठवत नाही.
हे कानावर आलं आणि मामाजी विहारातल्या दोघांना घेऊन नॅरोगेजच्या छोट्या गाडीने रामाकोन्याला गेले. परत आले ते छाती काढूनच.
"तयार झाला. म्या सांगतलं, अरे, लढाईले नाही जाऊन राहिला तू. तथागताच्या देशात शांतता राखाले जाऊन राहिला. आपल्या लोकायले असा मान कधी भेटला? आन् तू खाटेवर झोपून राह्यशील?"
"मामाजी, त्याला मलेरिया आहे."
"समुद्राच्या हवेनं जाते ताप."
मी पुढे काही बोलले नाही. खरं तर मलाही आतून बरंच वाटत होतं. हे एकटे नाहीत, दिवाकर सोबत आहे.

४ ऑगस्ट
गेले.
नागपूरच्या बसपाशी विहारातली सगळी मंडळी आली होती. हार, निळे झेंडे, बायकांनी वंदना म्हटली. पानठेल्यावरचे लोकही येऊन हार घालून गेले, रावणाच्या देशात चाललात, सांभाळून, म्हणून चेष्टा करून गेले. मामाजींनी ह्यांना मिठी मारली. "त्या झाडाचं एक पान आणजो. बाकी काही नको मले."
दिवाकर अंगावर चादर घेऊन उभा. डोळे लाल. तरी म्हणे, "वहिनी, मी तिकडून तुमच्यासाठी लवंग आणतो, काकाचं पान आणू द्या रमेशले." त्याच्या मायने हार घातला नाही. मूठभर गोळ्या कागदात बांधून त्याच्या खिशात कोंबल्या. त्याची बायको शेवंता, वैशाखातच लग्न झालेलं, लांब लिंबाखाली उभी राहिली. बस सुटली तेव्हा ती माझ्याजवळ आली. "तुमी पोस्टात असता नं बाई? पहिले तुमाले कळन."
हो म्हटलं. 

११ ऑगस्ट
ही वही आता पोस्टातच ठेवते, ड्रॉवरमध्ये. घरी मामाजींच्या हाती लागली तर माझी भीती वाचतील आणि मला धीराच्या गोष्टी सांगत बसतील. त्या नको.

२० ऑगस्ट
पत्र! पाकिटावर गावाचं नाव नाही, नुसता फौजी नंबर. सुखरूप पोचले. लोक रस्त्यावर उभे राहून हार घालतात म्हणे, शहाळी देतात, केळी देतात, एका म्हातारीने ह्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तमिळ पोरं बंदुका आणून जमा करताहेत. दिवाकरचा ताप चढउतर. मामाजींनी पत्र विहारात वाचायला नेलं.
बाजाराचा दिवस होता. शेवंता भाजीचं गाठोडं घेऊन खिडकीशी. "काही हाय का?"
तिला समजावून सांगितलं. पत्र आलं तर पोस्टमन घरी आणून देतो. या खिडकीत फक्त तार येते. आणि मरणाच्या, आजाराच्या तारेवर आम्ही दोन फुल्या मारतो, ती सगळ्यांत आधी पोचवायची असते. म्हणून मी 'काही नाही' म्हटलं तर समजायचं, बरं आहे.
"मंग सांगा नं."
"काही नाही. म्हणजे बरं आहे."
हसली पोरगी. हिचे पुढचे दोन दात थोडे एकमेकांवर आहेत, आजच लक्षात आलं.

२५ ऑगस्ट
पांढुर्ण्याला, माहेरी. पोळ्यासाठी आले, वही बरोबर घेऊन. आज गोटमार. दरसाल बघत मोठी झाले, कधी काही वाटलं नाही. नदीत पळसाचं झाड रोवलेलं, वर झेंडा, इकडचे पांढुर्ण्याचे, तिकडचे सावरगावचे, दिवसभर दगड. घरोघरी जखमांसाठी हळद उगाळून तयार.
आज दादाच्या माडीवरून बघत होते. दुपारी एक म्हातारा दोन्ही हात वर करून पाण्यात उतरला. कोणी तरी पाण्यात पडला होता, त्याला काढू द्या, एवढंच ओरडत होता. त्याच्या कपाळावर दगड बसला. कोणत्या काठावरून आला ते वरून मलाही दिसलं नाही. दोन्हीकडचे लोक ओरडायला लागले, आमचा नव्हता, आमचा नव्हता.
चिमीचे डोळे मी हाताने झाकले. वहिनी म्हणाली, "काहून घाबरून राहिली वो? तुह्यासाठी का नवीन हाय?" 

१० सप्टेंबर
पत्र दुसरं. फुलं आता बंद झाली म्हणतात. तमिळ लोक म्हणतात तुम्ही सरकारची बाजू घेता, सिंहली म्हणतात तुम्ही तमिळांची. 'चहाला बोलवायचे ते आता दार लावून घेतात. पण तू काळजी करू नको, बाबांना एवढं वाचून दाखवू नको.'
नाही दाखवलं. मामाजींना मी शहाळ्यांचंच परत वाचून दाखवलं, जुन्या पत्रातलं. त्यांना कळलं नाही. किंवा कळलंही असेल.
शेवंता. काही नाही, म्हणजे बरं आहे. तिला म्हणे आंबट खावंसं वाटतंय. लाजत सांगितलं. दिवाकरला पत्रात लिहिलंय का, विचारलं. "मले कुठं लिहिता येते? तुमीच लिहा नं." खिडकीवर लोक उभे असताना तिथेच चार ओळी लिहून दिल्या.

२८ सप्टेंबर
तिथे एका तमिळ तरुणाने उपोषण करून जीव दिला. पाणीसुद्धा घेतलं नाही. मागण्या त्याच्या आपल्या सरकारकडे होत्या. आपल्या! आता लोक आपल्यावर चिडलेत म्हणे.
मी पेपर दोनदा वाचला. दोघांच्या भांडणात आपण सोडवायला गेलो, मग हा आपल्या दारात का मेला? दुबेजींना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "यही तो होता है, कुसुमजी." आणि मनीऑर्डरी मोजायला लागले. मला राग आला त्यांचा. काय होतं ते तरी सांगा ना.

२ ऑक्टोबर
दसरा. मामाजींबरोबर नागपूरला, दीक्षाभूमीवर. चिमीला खांद्यावर घेऊन फिरले ते, साठी उलटली तरी. गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही.
एका मांडवात लंकेहून आलेले भंतेजी बसले होते. वयस्कर, काळेसावळे, डोळे शांत. शेजारी नागपूरचा एक मुलगा दुभाषा. मामाजींना कोण आनंद! वाकून पाया पडले.  "माह्या पोरगा तुमच्या देशात हाय, भंतेजी. फौजेत. शांततेसाठी." मुलाने इंग्रजीत सांगितलं. भंतेजींनी मामाजींकडे पाहिलं. मग हळू काही बोलले.  मामाजी म्हणाले, "सांग नं बाबू, काय म्हणून राहिले?"
"ते म्हणतात, आमच्या लोकांनी तुमची फौज बोलावली नव्हती. मुलाला म्हणावं घरी जा."
रागाने नाही म्हणाले. वरून आशीर्वादही दिला, चिमीच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. त्यानेच मला जास्त भीती वाटली.
गाडीत मामाजी अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत होते.

३ ऑक्टोबर
मामाजी विहारात गेले नाहीत. रेडिओ लावला नाही. मी लावला तर उठून ओसरीवर गेले.

११ ऑक्टोबर
सुरू झालं.
कालपासून. रेडिओ म्हणतो, 'शांतिसेनेची कारवाई'. ज्यांनी हार घातले त्या तमिळ पोरांशीच. बंदुका पुऱ्या दिल्याच नव्हत्या, करार मानायला तयार नव्हते, मग... आधी म्हणाले राखणं, मग म्हणाले जमा करणं, आता कारवाई. एकेक शब्द बदलत गेला आणि मी इथे स्टॅम्प विकत बसले होते.
मामाजींनी बातम्या उभ्याने ऐकल्या. "आपले मेले का?" एवढंच विचारलं. रेडिओने आकडा सांगितला नाही.

१५ ऑक्टोबर
आता फोनची घंटा वाजली की रिसीवर लगेच उचलत नाही. आधी एकदा पूर्ण वाजू देते. दुबेजी बघतात. आज दिवसभरात एक मुलगा झाल्याची, एक नोकरीची, एक छिंदवाड्याच्या कोर्टाची. मुलगा झाल्याची तार लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं, इतकी दाबून लिहीत होते.
शेवंता आली, संत्र्याचा हंगाम सुरू झालाय तर वाडीत कामाला आलेली बाकीच्या बायकांबरोबर. त्यांच्या घरी रेडिओ नाही. गावात कोणी तरी सांगितलं असावं, कारण खिडकीशी आली ती हसली नाही.
"काही हाय का?"
"काही नाही."
"पुरं बोला नं बाई."
"म्हणजे बरं आहे."
तेव्हा कुठे गेली. पाच मिनिटांनी परत आली आणि बाकड्यावर नुसतीच बसून राहिली, गाडीची वेळ होईपर्यंत.  ती आहे म्हणून मला जरा बरं वाटलं होतं.

१९ ऑक्टोबर
लिहायचं आहे. नाही लिहिलं तर
दुपारी छिंदवाडा. "फौज की तार है, दो क्रॉस." माझे कान बंद झाले. पत्ता विचारायची हिंमत होईना. त्यानेच सांगितला. रामाकोना.
आणि माझा जीव भांड्यात पडला.
हो, पडला. खोटं कशाला लिहू. आधी जीव भांड्यात पडला, आणि मग मला कळलं की मी दिवाकरचं मरण लिहून घेतेय. अक्षर एकदम छान आलंय. वळणदार. दुबेजींनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, उठून स्वतः पाणी आणून दिलं.
तारवाल्याबरोबर मी गेले. छोट्या गाडीत तो एका बाकावर, मी एका. शेवंता वावरात कापूस वेचत होती, कमरेला पदराचा ओटा, कापसाने भरलेला. लांबून पाहिलं तिने. "तुमी काहून आल्या बाई? बाजाराले तर टाइम हाय अजून."
तारवाल्याने कागद पुढे केला. तिने तो घेतला, उलटा धरला, मग सुलटा. वाचता येत नाही. तरी बघत राहिली.
"हे तर तुमचं अक्षर हाय. ते चार ओळी लिहून देल्या होत्या नं, तसंच."
"हो."
"मंग तुमीच लिहिलं ना हे? तुमचंच काही चुकलं असन."
 तेवढ्यात घराकडून त्याची माय धावत आली. तिला कोणी सांगावं लागलं नाही.
अंत्यविधी तिकडेच झाला असं तारेत आहे. माती सुद्धा येणार नाही घरी.

२० ऑक्टोबर
मामाजींच्या समोर दोन वेळा ताट ठेवलं, दोन्ही वेळा तसंच उचललं. तिसऱ्यांदा ठेवलं तर बोलले.
"त्याची माय नाही म्हणत होती. म्या नेलं त्याले."
काय समजूत घालू? खरंच आहे ते. मनात आलं, बोलून टाकावं. मग त्यांच्याकडे पाहिलं, पाण्याचा पेला नुसता धरून बसलेले. "जेवा," म्हटलं फक्त.
दुबेजींना सांगितलं, मला तारेवरून हलवा, स्टॅम्पवर द्या, रजिस्ट्रीवर द्या, कुठेही द्या. ते म्हणाले, "दे दूँगा. पर सोच लीजिए, तार आनी होगी तो आएगी ही. फिर कोई और लेके जाएगा आपके ससुरजी के पास." तासाभराने जाऊन सांगितलं, राहू द्या. आलीच तर माझ्याच हातात यावी. मामाजींच्या दारात तारवाला उभा, हे मला नको.

२२ ऑक्टोबर
वही आज घरी आणलीय. दिवाळी. आमच्याकडे एरवीही फार नसते, यंदा एक पणतीही नाही. गल्लीत सुतळी बॉम्ब. प्रत्येक आवाजाला मी दचकते, चिमी माझ्याकडे बघून दचकते. "बाबा असेच फटाके उडवते का आई तिथं?" कोणी सांगितलं हिला? शेजारच्या पोरांनी.
ह्यांचं शेवटचं पत्र सप्टेंबरातलं. शत्रूच्या नावाने बोटं मोडावीत तर शत्रू कोण, तेही नीट सांगता येत नाही मला. म्हणून सगळ्यांच्याच नावाने मोडली. तिकडच्या सरकारच्या, त्या पोरांच्या, दिल्लीच्या.

९ नोव्हेंबर
पोस्टमनने पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. ह्यांचं अक्षर!
मग तारीख पाहिली. पाच ऑक्टोबर. लढाईच्या आधीची. कुठे पडून होतं इतके दिवस, देव जाणे.
आत पिंपळाचं पान, वहीत दाबून वाळवलेलं. लिहिलंय, 'त्या झाडापर्यंत जायला मिळालं नाही, ते आमच्यापासून लांब आहे. हे आमच्या तंबूमागच्या पिंपळाचं आहे. बाबांना सांगू नको. त्याच झाडाचं म्हण, त्यांना बरं वाटेल.' आणि खाली, 'दिवाकरचा ताप उतरला एकदाचा. दोन माणसांचं जेवतो. बाप होणार म्हणून सगळ्या तंबूला साखर वाटली.'
रजिस्ट्रीच्या गठ्ठ्यामागे तोंड लपवून रडले. लोक खिडकीशी खोळंबले होते.
घरी मामाजींना पान दिलं. "त्या झाडाचं?" हो म्हटलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं, नसांची जाळी दिसेपर्यंत. डोळ्यांना लावलं नाही. मला वाटलं होतं लावतील.

१५ नोव्हेंबर
मामाजी सकाळी न सांगता गेले. रामाकोन्याला. दुपारी आले, धुळीने भरलेले, पान तसंच खिशात.
दिवाकरच्या मायला द्यायला गेले होते. ती सुपात तूर पाखडत होती म्हणे. उठली नाही, या म्हणाली नाही. पान पाहिलं आणि म्हणाली, "पिंपळ तर आमच्या वावराच्या धुऱ्यावर बी हाय, भाऊ."
मामाजींनी पान परत खिशात ठेवलं. मग निघाले.
हे सगळं त्यांनी मला ओसरीवर बसून, चपला न काढता सांगितलं. मग म्हणाले, "खरं सांग पोरी. त्या झाडाचं नव्हतं नं हे?"
"नाही. तंबूमागचं आहे."
"बरं झालं तिनं घेतलं नाही." पान त्यांनी त्यांच्या जुन्या रेल्वेच्या कंदिलाजवळ ठेवून दिलं, ट्रंकेत. विहारात नाही नेलं. पहिल्यांदाच त्यांच्यावरचा माझा राग गेला. मग दोघं जेवलो, वांग्याची भाजी होती, चांगली झाली होती.

२६ नोव्हेंबर
आणखी पलटणी चालल्यात म्हणे. शांतता राखायला गेलेली फौज आता लढाई संपल्याशिवाय येणार नाही. मग कधी संपणार? पानठेल्यावर तेच लोक, ज्यांनी हार घातले होते. "आपल्याले कायले जायचं होतं मधात?" मी तिथून जाताना दिसले, तसे ते गप्प झाले. गप्प नका होऊ, म्हणावंसं वाटलं. हे तेव्हा का नाही बोललात, बसपाशी?
पण तेव्हा मी तरी कुठे बोलले.
पलटणीला पत्र टाकून महिना होत आला, उत्तर नाही. पत्र नाही. तारही नाही. काही नाही म्हणजे बरं आहे. दिवसभर मनात तेच घोकत असते. कधीकधी वाटतं, ही मीच काढलेली थाप आहे, त्या पोरीला गप्प करण्यासाठी. आणि आता मीच तिच्यावर जगतेय.
बाजार होता. शेवंता आली नाही.

३ डिसेंबर
आजही नाही आली. तिच्या गावची एक बाई म्हणाली, पोट दिसायला लागलंय, सासूने माहेरी जाऊ दिलं नाही, स्वतः भाकरी भरवते तिला. हे ऐकून बरं वाटलं.
चिमीचा पांढरा दोरा झिजून तुटला. मामाजींनी गाठ मारून परत बांधला.

१० डिसेंबर
पोस्टातच लिहून राहिलेय, खिडकीवर बसून, कारण हात रिकामा ठेवता येत नाही.
बाजार. बाहेर संत्र्याच्या पेट्या भरलेले ट्रक उभे, सगळ्या रस्त्याला वास. खिडकीशी मान वर केली तर शेवंता. कपाळ मोकळं, पदर पोटावरून घेतलेला. मला उभं राहता येईना, बसता येईना. तिने चार संत्री गजातून आत ठेवली. "चिमीले."
मग म्हणाली, "काही हाय का?"
 वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. तिला कळलं ते. म्हणाली, "माह्यं नाही. तुमच्या घरच्यायचं इचारून राहिले."
"काही नाही."
"मंग बरं हाय," शेवंता म्हणाली.
माझंच वाक्य. तिने ते असं म्हटलं, जसं मी तिला म्हणायची. मी तोंडावर पदर घेतला.
तेवढ्यात घंटा.
एकदा वाजू दिली. दुसऱ्यांदा वाजू दिली. दुबेजी जेवायला गेलेत. शेवंताने गाठोडं खाली ठेवलं. "उचला बाई. मी हाय इथंच."
उचलला. छिंदवाडा. "सौंसर? एक तार है, फौज की." विचारलं, किती क्रॉस. लाइन खरखरली, म्हणाला, "रुकिए, कागज़ इधर ही रखा था." आता तिकडून कागद चाळल्याचा आवाज येतोय. रिसीवर मानेत धरून हे लिहितेय. सौंसरला फौजेतले बरेच आहेत. बरेच आहेत. सुट्टीची तारही फौजेचीच असते.
शेवंताने गजातून हात आत घातलाय. माझ्या डाव्या मनगटावर ठेवलाय. संत्र्याच्या सालीचा वास आहे हाताला.
मिळाला म्हणतोय कागद. लिखिए, म्हणतोय.